बाहुलीच्या पोटातले प्रश्न

लेक पुण्याला शिकायला गेली आणि पहिल्याच वर्षी तिने ‘रशियन संस्कृतीची ओळख’ असा विषय घेतला, तेव्हा घरात सगळ्यांच्याच भुवया उंचावल्या. “त्या रशियाचं काय लोणचं घालायचंय?” सासूबाईंनी विचारलं. खरं सांगते मैत्रिणींनो, माझ्याही मनात तेच होतं. फक्त मी बोलले नाही.

कारण रशिया माझ्या लहानपणीच घरात आला होता. आमच्या गावात रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागायचं. मराठीत भाषांतर केलेली, गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तकं अगदी स्वस्तात मिळायची. वडील हौसेने आणायचे. दिवाळीत लेक घरी आली तेव्हा मी ती कौतुकाने माळ्यावरून काढून दाखवली. ती म्हणाली, “आई, इतकी छान पुस्तकं इतकी स्वस्त का होती गं?”

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मग तिने सांगितलं, सोव्हिएत सरकार स्वतः खर्च सोसून ही पुस्तकं जगभरच्या भाषांत छापायचं, आपल्या देशाबद्दल लोकांचं मत चांगलं व्हावं म्हणून. १९९१ मध्ये ते राज्य मोडलं आणि पुस्तकंही यायची थांबली. मला जरा वाईटच वाटलं. “म्हणजे गोष्टी खोट्या होत्या का?” “नाही गं, गोष्टी छानच आहेत. पण त्या कुणी पाठवल्या, हेही माहीत असावं ना!”

तिच्या वर्गात म्हणे हेच शिकवतात. काहीही वाचलं, पाहिलं, की चार प्रश्न विचारायचे. हे कोण सांगतंय? कुणासाठी? कधी? आणि यात कोण बोलतच नाहीये?

आता ती एकात एक बसणारी लाकडी बाहुली घ्या. मात्र्योश्का. मला वाटायचं, ती शेकडो वर्षांची परंपरा असणार. तर ती १८९० च्या दशकात मॉस्कोच्या एका कारखान्यात घडली. रेखाटली सेर्गेई माल्युतिन या चित्रकाराने. १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ती गाजली आणि रशियाची खूण होऊन बसली. आपल्याकडेही ‘पूर्वीपासून असंच चालत आलंय’ म्हणून सांगितलेल्या किती गोष्टी खरंच तितक्या जुन्या असतील, असा विचार मनात आलाच.

नावांची गंमत तर आणखीच. रशियातही नाव, मग वडिलांचं नाव आणि मग आडनाव अशी पद्धत आहे. टॉलस्टॉयची अ‍ॅना कॅरेनिना म्हणजे अ‍ॅना अर्काद्येवना कॅरेनिना. अर्कादीची मुलगी, कॅरेनिनची बायको. लग्नानंतर आडनाव बदललं, तरी वडिलांचं नाव जन्मभर सोबत राहतं. आमचं लग्न झालं आणि वडिलांचं नाव गेलं, मधे ह्यांचं आलं. वाईट काहीच नाही त्यात. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

सगळ्यात जास्त मनाला लागली ती टॉलस्टॉयची बायको सोफिया. १८६२ मध्ये अठराव्या वर्षी लग्न, नवरा चौतिशीचा. तेरा बाळंतपणं. घर, शेतीवाडीचा हिशेब सांभाळत तिने ‘युद्ध आणि शांती’च्या किचकट हस्तलिखिताच्या प्रती पुनःपुन्हा हाताने लिहून काढल्या. पुढे टॉलस्टॉयने ‘क्रॉइट्झर सोनाटा’ ही मत्सरी नवऱ्याची कथा लिहिली. लोक त्यात तिचाच संसार शोधू लागले. सरकारने कथेवर बंदी घातली, तर १८९१ मध्ये ती स्वतः झारला भेटली आणि छापायची परवानगी मिळवून आली. पण त्याच कथेला उत्तर म्हणून तिने स्वतःही एक कादंबरिका लिहिली, बाईच्या बाजूने. ‘दोष कुणाचा?’ अशा अर्थाचं तिचं नाव. ती रशियात छापून आली १९९४ मध्ये! म्हणजे शंभर वर्षं एकच बाजू ऐकू येत होती. टॉलस्टॉय मोठा लेखक, यात शंकाच नाही. पण चौथा प्रश्न मला तेव्हा कळला.

आणि तो माझ्या कामीही आला. मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीने गुलाबी कागद आणला. अमुक महिन्यांत दामदुप्पट! तिघी पैसे भरायला तयार. मी म्हटलं, थांबा, आपण याला चार प्रश्न विचारू. हे सांगतंय कोण? खाली नुसता मोबाइल नंबर, ना नाव ना पत्ता. कुणासाठी? ‘फक्त भगिनींसाठी.’ का बरं? कधीपर्यंत? ‘फक्त या आठवड्यात.’ म्हणजे विचार करायला वेळच द्यायचा नाही. आणि यात कोण बोलत नाहीये? आधी पैसे भरून ज्यांना मिळाले नसतील, त्या बायका.

दोघी थांबल्या. तिसरी रागावली, “तुम्हाला सगळ्यातच संशय!” म्हणाली. तिने पैसे भरले का, मी विचारलं नाही. पण रोज तिच्या दारावरून जाताना जीव धाकधूक होतो.

संशय वेगळा आणि प्रश्न विचारणं वेगळं, हे तिला कसं समजावू? ज्यावर माझं प्रेम आहे, त्या पुस्तकांनाही मी आता प्रश्न विचारते. प्रेम काही कमी झालं नाही. ती पुस्तकं पुन्हा माळ्यावर टाकली नाहीत, बाहेरच्या कपाटात लावलीत.

परवा सासूबाई एक पुस्तक चाळत होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, “अगं, हे मराठीत आणलं कुणी? त्याचं नाव कुठंय?”

मी हसले. पाचवा प्रश्न त्यांचा होता.