तक्रार दुकानदाराची की दुकानदाराविरुद्ध? इंग्रजी अर्जातला एक छोटा शब्द अर्थ फिरवतो

यवतमाळ : पेरलेलं बियाणं उगवलं नाही, वावरात जागोजागी तुटाळ पडली. बाप बिल घेऊन दुकानात जाऊन आला, पण दाद लागली नाही. मग कॉलेजात जाणाऱ्या पोराला सांगितलं, "कंपनीला इंग्रजीत ईमेल टाक." पोरानं मोबाईलवर विषय लिहिला, 'कम्प्लेंट ऑफ सीड शॉप'. त्याच्या मनात होतं, बियाण्याच्या दुकानाची तक्रार. पण इंग्रजी वाचणारा त्याचा अर्थ घेतो, बियाण्याच्या दुकानाने केलेली तक्रार. ज्याच्यावर बोट ठेवायचं होतं, तोच तक्रारदार होऊन बसला.

असा प्रसंग कोणत्याही गावात घडू शकतो. पूर्ण मजकूर वाचल्यावर खरं काय ते समोरच्याला कळेलही. पण जिथे रोज ढीगभर ईमेल येतात, तिथे आधी विषयच वाचला जातो. म्हणून 'कम्प्लेंट' या शब्दानंतर कोणता छोटा शब्द लावायचा, हे माहीत असलेलं बरं.

घोळ कुठे होतो?

घोळ मराठीच्या 'चा-ची-चे' मुळे होतो. हा प्रत्यय फार कामाचा आहे. 'दुकानदाराची तक्रार', 'पिकाचं नुकसान', 'पाण्याची मागणी', 'प्रश्नाचं उत्तर', सगळीकडे तोच चालतो. 'दुकानदाराची तक्रार केली' म्हटलं की कोणी कोणाविरुद्ध केली, हे ऐकणाऱ्याला बोलण्याच्या ओघात समजतं. शाळेत आपण शिकतो की 'चा-ची-चे' म्हणजे 'ऑफ'. मग पोट्टे सगळीकडे 'ऑफ' लावून मोकळे होतात.

इंग्रजीत मात्र हे काम अनेक शब्दांत वाटलेलं आहे. ऑफ, टू, फॉर, इन, अगेन्स्ट, अबाउट हे ते छोटे शब्द. मराठीत प्रत्यय नामाच्या मागे चिकटतो, इंग्रजीत हा शब्द नामाच्या पुढे सुटा उभा राहतो. हजारएक वर्षांपूर्वी इंग्रजीतही नामांना मराठीसारखे प्रत्यय लागत होते. पुढे ते बहुतेक गळून पडले आणि त्यांचं काम या सुट्या शब्दांवर आलं. त्यातला कोणता शब्द येणार, हे बऱ्याच वेळा त्याच्या आधीचं नाम ठरवतं.

'कम्प्लेंट'चे तीन रस्ते

तक्रार कोणाविरुद्ध आहे? तिथे 'अगेन्स्ट'. 'कम्प्लेंट अगेन्स्ट द सीड डीलर', म्हणजे बियाणे विक्रेत्याविरुद्ध तक्रार.

तक्रार कशाबद्दल आहे? तिथे 'अबाउट'. 'कम्प्लेंट अबाउट पुअर जर्मिनेशन', म्हणजे उगवण कमी झाल्याबद्दल तक्रार.

तक्रार कोणाकडे केली? तिथे 'टू'. 'कम्प्लेंट टू द ॲग्रिकल्चर ऑफिसर', म्हणजे कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार.

'ऑफ' नेहमीच चूक असतो असं नाही. 'कम्प्लेंट ऑफ चीटिंग', म्हणजे फसवणुकीची तक्रार, हे बरोबर आहे. पण 'ऑफ'नंतर माणूस किंवा दुकान आलं की तक्रार त्याने केलेली ठरते.

बियाण्याच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे, कारण प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत जाऊ शकतं. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट केलं. बियाणे कायदा 1966 चा आहे, पण तो असला तरी ग्राहक कायद्याचा रस्ता बंद होत नाही, असा तो निकाल. ग्राहक आयोगाच्या कागदावर एकीकडे 'तक्रारदार' असतो आणि दुसरीकडे 'विरुद्ध पक्ष'. दोघांची जागा बदलून चालत नाही. तिथे जायचं असेल तर बिल, पिशवी, टॅग आणि उरलेलं थोडं बियाणं जपून ठेवावं लागतं.

नुकसान, भाव, मागणी

शेतकऱ्याच्या अर्जात पुन्हा पुन्हा येणारी आणखी काही नामं पाहा.

'डॅमेज' : रोह्यांनी नाहीतर रानडुकरांनी पऱ्हाटी तुडवली, तर 'डॅमेज टू द क्रॉप' लिहायचं. इजा पिकाला झाली, म्हणून 'टू'. इथे आणखी एक खड्डा आहे. 'डॅमेजेस' असं अनेकवचन केलं की कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुकसान राहत नाही, भरपाईची रक्कम होतो.

'लॉस' : पीक पूर्ण हातचं गेलं तर 'लॉस ऑफ क्रॉप'. इथे 'ऑफ' बरोबर आहे.

'इन्क्रीज' : भावात वाढ झाली तर 'इन्क्रीज इन प्राइस'. किती वाढ, हे सांगताना मात्र 'ऑफ' येतो. 'ॲन इन्क्रीज ऑफ 200 रुपीज', म्हणजे दोनशे रुपयांची वाढ.

'डिमांड' आणि 'रिक्वेस्ट' : दोघांनाही 'फॉर'. 'डिमांड फॉर वॉटर', म्हणजे पाण्याची मागणी. पण हेच शब्द क्रियापद म्हणून आले की 'फॉर' गळतो. 'आम्ही भरपाईची मागणी करतो' याचं इंग्रजी 'वी डिमांड कॉम्पेन्सेशन', मध्ये काही नाही.

'ॲप्लिकेशन' : अर्ज कशासाठी, तिथे 'फॉर'. अर्ज कोणाला, तिथे 'टू'. 'ॲप्लिकेशन टू द बँक फॉर क्रॉप लोन', म्हणजे पीककर्जासाठी बँकेला अर्ज.

आधी मराठी मोकळी करा

एक सोपी युक्ती आहे. इंग्रजीत लिहायच्या आधी मराठी वाक्यातला 'चा-ची-चे' काढून त्याच्या जागी नेमका शब्द घालून पाहायचा. साठी, विरुद्ध, कडे, बद्दल, ला, आत यांपैकी जो बसेल तो.

'दुकानदाराची तक्रार' मोकळी केली की 'दुकानदाराविरुद्ध तक्रार' होते, म्हणून 'अगेन्स्ट'. 'भावाची वाढ' मोकळी केली की 'भावात वाढ' होते, म्हणून 'इन'. 'नोकरीचा अर्ज' म्हणजे 'नोकरीसाठी अर्ज', म्हणून 'फॉर'. मराठीत हा फरक पहिल्यापासून आहेच, बोलताना आपण तो आखडून घेतो एवढंच.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. काही जोड्या पाठच कराव्या लागतात. 'कारण' या एका मराठी शब्दाला इंग्रजीत दोन शब्द आहेत आणि दोघांचे जोडीदार वेगळे आहेत. 'रीझन फॉर द डिले', म्हणजे उशिराचं कारण. 'कॉज ऑफ द फायर', म्हणजे आगीचं कारण. तसंच 'प्रश्नाचं उत्तर' म्हणजे 'आन्सर टू द क्वेश्चन'. 'आन्सर ऑफ' असं सर्रास ऐकू येतं, पण पेपरात ते चुकीचं धरलं जाऊ शकतं.

विद्यार्थ्यांनी काय करावं?

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी मराठी शाळेत पोरं ते पाचवीत सुरू करत. आता दहाबारा वर्षं इंग्रजी शिकूनही हा छोटा शब्द चुकतो, कारण नाम एकटं पाठ केलं जातं. वहीत 'रीझन' लिहू नका, 'रीझन फॉर' लिहा. 'डॅमेज' लिहू नका, 'डॅमेज टू' लिहा. बैलजोडी सोबत ठेवतात, तशी ही जोडी सोबत ठेवायची. मोबाईलवर शब्दकोश असेल तर नुसता अर्थ पाहून बंद करू नका, खालची उदाहरणं वाचा. नामामागून कोणता शब्द येतो ते तिथे दिसतं.

मोबाईलवर भाषांतर करून अर्ज लिहिणाऱ्यांनी एक पडताळा घ्यावा. तयार झालेलं इंग्रजी वाक्य पुन्हा मराठीत करून पाहावं. 'दुकानाने केलेली तक्रार' असं काही परत आलं, तर पाठवायच्या आधी थांबावं.

मराठीत लिहिलं तर चालतं का?

सरकारी कार्यालयात चालतं. भारतीय संविधानाच्या कलम 350 प्रमाणे कोणत्याही तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. राज्य कारभारासाठी महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 आहे, त्यात मराठीच राजभाषा आहे. त्यामुळे तलाठी, तहसील, पंचायत समिती किंवा कृषी कार्यालयाला लिहायचं तर इंग्रजीसाठी अडून बसायची गरज नाही.

इंग्रजीची गरज पडते ती बाहेरच्या राज्यातल्या कंपनीला, नोकरीच्या अर्जाला नाहीतर परीक्षेला. तिथे पाठवायचं बटण दाबण्याआधी विषयाची ओळ एकदा मोठ्यानं वाचावी आणि नामापुढचा छोटा शब्द तपासावा : तक्रार कोणाची, कोणाविरुद्ध आणि कोणाकडे.