सागवानी चौकटींच्या घरात नवा ओटा

लाकूड कुठले? नगरच्या (जिल्हा २०२४ पासून अहिल्यानगर) जुन्या घरांत स्वयंपाकघरातले लाकूड म्हणजे दाराची चौकट, तुळया, भिंतीतले फडताळ. बरेचदा साग, खेड्यांत बाभूळ, कडुनिंबही.

रंग: नुकताच रंधा मारलेला साग काळपट रेघांचा, असमान दिसतो. उजेडात हळूहळू सोनेरी तपकिरी होतो. नवी फळी पहिल्याच दिवशी जुन्या चौकटीशी जुळत नाही, ती त्यामुळे.

पॉलिश: फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. गरम भांडे टेकले, पाणी साचले की पांढरा डाग पडतो. सिंकजवळ म्हणून मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. जुना थर ओळखायला कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासतात: पृष्ठभाग चिकट झाला, बोळा तपकिरी निघाला, तर लाख. तैलरंग असेल तर सहसा काही होत नाही.

ओटा: कडप्पा आणि शहाबादी, दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडले की तकाकी जाते आणि घासून परत येत नाही. ग्रॅनाइटला ही भीती जवळपास नाही. उंची साधारण ८५ सेंमी.

प्लायवूड: सिंकखाली मरीन, आयएस ७१०. ‘एमआर’ (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय दमटपणा सोसते, गळता नळ नव्हे.

दिवे: २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर उजेडात सागाची तांबूस झाक खुलते, ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात तेच लाकूड राखाडी वाटते. म्हणून प्लायवर लावायच्या लॅमिनेटचा तुकडा चौकटीला टेकवून दिवसा आणि दिवे लावून, दोन्ही वेळा पाहतात.