तळ ठोकण्याआधी जमीन वाचा
पांढुर्णा-सौंसरच्या जलाशयांकाठी तंबू आणि कॅरॅव्हॅनसाठी चांगली जागा कशी ओळखावी

सौंसरच्या आसपास काळ्या खडकाच्या थरांमध्ये चर्ट नावाचा एक कठीण, गुळगुळीत दगड सापडतो. हातात घेतला तर त्यात विशेष काही दिसत नाही. पण त्याचा अगदी पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की त्यात एक तळं दिसतं. बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी 1943 मध्ये सौंसरभोवतीच्या अशाच दगडांतल्या वनस्पतींवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या वनस्पतींमध्ये अ‍ॅझोला होतं. आज आपले शेतकरी टाक्यात वाढवून जनावरांना खाऊ घालतात, तेच हे संथ पाण्यावर तरंगणारं इवलंसं नेचं. दगड झालेल्या त्या वनस्पतींच्या पेशीन्पेशी आजही मोजता येतात.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत होते. एक प्रवाह थंडावला आणि पुढचा यायला उशीर झाला, की मधल्या काळात खोलगट जागी पाणी साचे, त्यात शेवाळ आणि नेची वाढत, काठावर झाडं उभी राहत. मग नवा लाव्हा येई आणि सारं झाकून टाकी. सिलिका विरघळलेलं पाणी वनस्पतींच्या पेशींत मुरून त्यांचा दगड करी. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलां इथे तर निपा ताडाची दगड झालेली फळं सापडली आहेत. हा ताड आज सुंदरबनासारख्या खाडीच्या चिखलात वाढतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, सातपुड्याच्या कुशीत, एके काळी खारं पाणी पोहोचत होतं!

आजची तळी माणसाने केली आहेत. छिंदवाड्याजवळ कन्हारगाव, चौरईकडे पेंचवरचं माचागोरा, महाराष्ट्राच्या सीमेवर तोतलाडोह, आणि गावोगावचे लहान सिंचन तलाव. नागपूरहून सावनेरला आलं की रस्ते फुटतात. राष्ट्रीय महामार्ग 47 पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो आणि 547 सौंसरवरून छिंदवाड्याला चढतो. दोन्हींवर आता तंबू बांधलेल्या मोटारसायकली दिसतात, घर चाकांवर घेऊन निघालेली कुटुंबंही दिसतात. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं स्वतंत्र धोरण केलं, तेव्हापासून ही हौस आणखी वाढली आहे.

अमेरिकेत लष्कराच्या अभियंता विभागाने बांधलेल्या धरणांकाठी क्रमांक घातलेल्या जागा असतात. वीज-पाणी जोडलं की झालं. आपल्याकडे जलाशयाकाठी अशा आखलेल्या जागा विरळाच. म्हणून जागा ओळखायला शिकावं लागतं, आणि या शिकण्यातच मोठा आनंद आहे. पाणी, माती, थंडी, वारा, जनावरं, अंधार या प्रत्येकाची खूण जमिनीवर उमटलेली असते.

पाण्याची रेघ

धरणाचं पाणी वर्षभर एका जागी नसतं. पावसाळ्याच्या शेवटी जलाशय काठोकाठ भरतो. मग गहू-हरभऱ्यासाठी कालवे सुटतात आणि पाणी हळूहळू मागे सरकतं. उन्हाळ्यापर्यंत मोठं मैदान उघडं पडतं, तीच गाळपेर जमीन. फेब्रुवारीत ती हिरवीगार आणि सपाट दिसते, तंबूसाठी मोह पाडते. पण वरचा थर वाळलेला असला तरी खाली ओला गाळ असतो. माणूस चालतो, गाडी रुतते.

पाणी कुठवर चढतं हे काठच सांगतो. खडकांवर फिकट पट्टा असतो. त्याच्या खाली झुडपं नसतात, वर एकदम दाट सुरू होतात. बाभळीच्या फांद्यांत वाळलेलं गवत आणि काड्या अडकलेल्या असतात. ती पाण्याची वरची रेघ. तिच्या वर, निदान दोन पुरुष उंचीवर, तळ ठोकावा. खात्री करायची तर जवळच्या वावरातल्या माणसाला विचारावं, “भाऊ, इथं पाणी कुठवर येते?” तो झाड दाखवून उत्तर देईल, आणि ते कुठल्याही नकाशापेक्षा नेमकं असेल. धरणाच्या खालच्या बाजूला, नदीच्या पात्रात मात्र कधीच मुक्काम करू नये. वर, दूर घाटात पाऊस पडला आणि दारं उघडली, तर कोरडं पात्र पाहता पाहता भरतं.

मातीचा स्वभाव

पांढुर्ण्याकडची जमीन लाव्हाच्या खडकाची. त्याची झीज होऊन काळी कसदार माती झाली. या मातीतले कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती चाकाला थरावर थर चिकटत जाते. दोन-तीन टनांच्या कॅरॅव्हॅनला अवकाळीची एक सर पुरे. रात्री गाडी उभी केली ती सकाळी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. तंबूचे खुंटेही ओल्या काळ्या मातीत धरत नाहीत.

त्याच शिवारात थोडं वर पाहावं. टेकाडाच्या उतारावर मुरूम असतो, बरड जमीन असते. पीक कमी येतं म्हणून ती पडीक राहिलेली असते. मुक्कामाला मात्र तीच उत्तम. पाणी लगेच झिरपतं, चाक ठाम उभं राहतं, पाय भरत नाहीत.

सौंसरच्या पुढे कन्हानच्या खोऱ्याकडे वळलं की पायाखालचा काळ बदलतो. अभ्रकाने चमकणारे, पट्ट्यापट्ट्यांचे खडक लागतात, कुठे संगमरवर लागतो, कुठे मँगनीजच्या खाणी. जगभरचे भूवैज्ञानिक या खडकांना सौंसरच्या नावानेच ओळखतात. ‘सौंसर समूह’ हे त्यांचं रूढ नाव आहे. त्यातल्या मँगनीजयुक्त एका खडकाला एल. एल. फर्मर यांनी इथल्या गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ म्हटलं. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने हे खडक भाजून निघाले, त्याला सुमारे शंभर कोटी वर्षं झाली. तेव्हा जमिनीवर ना झाड होतं ना प्राणी. यांच्यापासून झालेली रेताड, तांबूस माती पाऊस पडून गेल्यावर लवकर वाळते. पांढुर्ण्याहून सौंसरकडे येताना खिडकीतून मातीचा रंग पाहत राहिलात, तर गाडी कुठे उतरवावी याचा अर्धा निर्णय तिथेच होतो.

थंडी उताराने वाहते

डिसेंबर-जानेवारीत छिंदवाड्याच्या पठारावर, सुमारे 675 मीटर उंचीवर, पारा एक आकडी होतो. म्हणून लोक खाली, तळ्याच्या वाटीत उतरतात, आणि पहाटे कुडकुडतात. याचं कारण विलक्षण आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते. तिला लागून असलेली हवा थंड होते, जड होते आणि उताराने खाली वाहू लागते, पाण्यासारखीच, नाल्यानाल्याने. तळाशी तिचं थारोळं होतं. त्यामुळे दहा-पंधरा मीटर वरची जागा खालच्या जागेपेक्षा काही अंशांनी उबदार असते. संत्र्याची बाग राखणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, कारण कडक थंडीचा पहिला फटका खोलगटातल्या झाडांना बसतो.

नाल्याचं तोंड जिथे तळ्याला मिळतं, ती जागा हिवाळ्यात टाळावी. उताराच्या मध्यावरची, पूर्वेकडे तोंड असलेली सपाटी निवडावी. पहाटेचं पहिलं ऊन तिथे आधी पडतं आणि तंबूवरचं दव लवकर वाळतं.

दिवसाचा वारा आणि रात्रीचा वारा

मोठ्या जलाशयाकाठी शांत दिवशी वारा दिशा बदलतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरून गार झुळूक येते. रात्री जमीन आधी निवते, पाणी ऊब धरून राहतं आणि वारा उलटा, जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. म्हणून रात्रीची शेगडी तंबूच्या पाण्याकडच्या बाजूला मांडावी, म्हणजे धूर पाण्यावर जातो आणि झोपायच्या जागेत शिरत नाही. फाल्गुनानंतर गवत वाळलेलं असतं, मोहाच्या दिवसांत जंगलात वणवे लागतात. तेव्हा उघडी चूल नकोच.

काठ कोणाचा

तळ्याचा काठ रात्री जनावरांचा असतो. पेंच आणि सातपुडा या दोन व्याघ्रप्रकल्पांना जोडणारा जंगलाचा पट्टा छिंदवाड्याच्या डोंगरांतूनच जातो, आणि त्या वाटेने वाघही ये-जा करतात. तोतलाडोहचा जलाशय 70 चौरस किलोमीटरांहून मोठा आहे, पण तो व्याघ्रप्रकल्पात आहे. तिथे काठावर तंबू नाही, वनविभागाने ठरवलेल्या जागीच राहायचं. इतर तळ्यांवरही आधी चिखल पाहावा. ताजे ठसे असतील तर ती पाणवठ्याची वाट आहे. ती त्यांच्यासाठी मोकळी सोडून गावाच्या बाजूला यावं. जमिनीवर उघडं अंथरूण टाकू नये. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. चेन लागणारा तंबू किंवा उंच खाट हवी. आग्या मोहोळाचं झाड आणि वाळक्या फांद्यांचं झाडही टाळावं.

आपल्याआधी इथे तळ टाकणारे पुष्कळ आहेत. कच्छकडून विदर्भात येणारे रबारी, ज्यांना आपण काठेवाडी म्हणतो, सुगी झालेल्या वावरात मेंढ्या बसवतात. शेताला खत मिळतं, त्यांना मुक्काम मिळतो. हिवाळ्यात पट्टकादंब पक्षी हिमालय ओलांडून या भागातल्या तळ्यांवर उतरतात. तेही उघडा काठ निवडतात, जिथून चारी दिशा दिसतात आणि जवळ हरभऱ्याचं शेत असतं. चरायला जवळ, पाहायला मोकळं आणि कुणाच्या वाटेत नाही, हा त्यांचा नेम आपल्यालाही लागू आहे.

अंधाराचं धन

या मुलखाकडे आणखी एक संपत्ती आहे. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड फक्त जमिनीकडे पडेल असे बसवले. वाघोलीच्या तलावाजवळ आकाशदर्शनासाठी मनोरा उभा राहिला. सीमा माणसांची आहे, अंधार तिच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाट आहे.

म्हणून जागा निवडताना अमावास्येच्या जवळची तिथी पाहावी आणि गावाच्या हायमास्ट दिव्याकडे टेकडीची पाठ येईल असं बसावं. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास डोक्याच्या थोडं उत्तरेला एक पुसट ढगासारखा ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश 25 लाख वर्षांपूर्वी निघाला आहे. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारी यापेक्षा दूरची वस्तू नाही. तरीही सौंसरच्या चर्टमधलं अ‍ॅझोला तो प्रकाश निघाला तेव्हाच सहा कोटी वर्षांहून जुनं होतं. इथे पायाखालचा दगड आकाशातल्या उजेडापेक्षा प्राचीन आहे.

संत्र्याच्या बागेचा बांध

हे सगळं एकत्र मांडलं, तर एक जागा डोळ्यांपुढे येते. पाण्याच्या रेघेच्या वर, मुरमाड उतारावर, पूर्वेला तोंड करून, गावापासून हाकेच्या अंतरावर. पांढुर्णा-सौंसर भागात अशी जागा बहुतेकदा संत्र्याच्या बागेला लागून असते. संत्र्याला पाणी धरून ठेवणारी जमीन चालत नाही, निचरा लागतो. माल भरायला ट्रक वावरापर्यंत येतो, म्हणजे रस्ता पक्का असतो. विहीर असते, मोटारीपुरती वीज असते. फळं धरली की रात्री जागलीला कुणीतरी असतंच. तंबू आणि कॅरॅव्हॅनला लागतं ते सारं इथे आधीच आहे. लागते ती एक स्वच्छ संडासाची खोली आणि सांडपाण्याचा शोषखड्डा, तोही पाण्यापासून दूर.

पांढुर्णा 2023 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा. या नव्या जिल्ह्याने आणि इथल्या ग्रामपंचायतींनी बागायतदारांना हाताशी धरून अशा जागा नेमून दिल्या, तर फळाचा भाव पडलेल्या वर्षी शेतकऱ्याच्या घरात चार पैसे येतील, काठावर प्लास्टिक साचणार नाही आणि जंगलाच्या वाटा मोकळ्या राहतील. पाहुण्यानेही आपलं काम करावं. परवानगी विचारावी, भाडं ठरवून द्यावं, कचरा परत न्यावा, दगड उचलू नयेत. आणि सूर्य मावळायच्या निदान दोन तास आधी पोहोचावं. नकाशा गावापर्यंत आणून सोडतो. पुढची वाट माणसांना विचारत, माती हातात घेऊन बघत, उजेड असतानाच चालायची असते.