कटिसंधानातील रोपणे आणि आपली चिकित्सा

देवगाव फाटा परिसरातील काही रुग्ण मोठ्या शहरात कमरेचे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया करवून आमच्याकडे पंचकर्मासाठी येतात. ‘पट्टी टाकली आहे’ एवढेच त्यांना ठाऊक असते. म्हणून डिस्चार्ज कार्ड पाहिल्याशिवाय आम्ही पाठीला हात लावीत नाही.

मागील बाजूचे स्क्रू व दांड्या बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या असतात. काढलेल्या चकतीच्या जागी बसविलेला ‘केज’ मात्र टायटॅनियमचा किंवा ‘पीक’ नामक कठीण प्लॅस्टिकचा असतो. पीकचा ताठपणा अस्थीच्या जवळचा आहे. क्ष-किरण त्यातून आरपार जात असल्याने संधान झाले की नाही, हे चित्रात स्पष्ट दिसते. परंतु अस्थी त्याला धरत नाही. टायटॅनियमला ती धरते, पण भरीव टायटॅनियम अतिताठ असल्याने अस्थिसौषिर्य असलेल्या मणक्यात रुतण्याची भीती राहते. अलीकडील सच्छिद्र टायटॅनियम केजमध्ये हा ताठपणा कमी केलेला आहे.

तथापि कोणतेही रोपण हा तात्पुरता टेकूच होय. संधानास सहसा ६ ते १२ महिने लागतात. ते न झाल्यास स्क्रू सैल होतो, दांडीही तुटते. निकोटीन संधानात अडथळा आणते, म्हणून तंबाखू बंद हवी (आपल्या भागात हेच पथ्य सर्वांत कठीण!). शल्यचिकित्सकाची अनुमती मिळेपर्यंत मर्दन व कटिबस्ती वर्ज्य. केज पीकचा असला तरी स्क्रू धातूचेच असतात. शॉर्टवेव्ह डायथर्मी पुढेही टाळावी. लाक्षादि गुग्गुळाने वेदना शमली, एवढ्यावरून अस्थी जुळली असे मानू नये.

जखमेतून स्राव, ज्वर, पायात नवी दुर्बलता वा मूत्रावरोध दिसल्यास औषधविक्रेत्यांनी वेदनाशामक न देता रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.