लशीला वनस्पतीची जोड : मेंढ्यांच्या रक्तशोषक जंतांविरुद्ध नवा मार्ग

साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात पाऊस अधिक पडतो. कुरणे ओली झाली की ठेलारी मेंढपाळांच्या व इतर शेतकऱ्यांच्या कळपांत जंतांचा उपद्रव वाढतो. त्यांपैकी सर्वांत घातक म्हणजे मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा ‘हिमॉन्कस’ हा रक्तशोषक जंत होय. हा जंत दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा असतो. एक जंत दिवसाकाठी सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. म्हणजे पोटात १,००० जंत असल्यास रोज सुमारे ५० मिलिलिटर रक्त जाते. मेंढी निस्तेज होते, तिच्या जबड्याखाली पाणी साचते व कोकरे तर अचानक दगावतात.

एकच जंतनाशक औषध वारंवार दिल्याने जंत त्यास दाद देईनासे होतात. म्हणून शास्त्रज्ञ लशीकडे वळले. या जंताच्या आतड्यातील प्रथिनांपासून तयार केलेली लस ऑस्ट्रेलियात २०१४ साली मेंढपाळांच्या हाती आली. लस टोचलेल्या मेंढीच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात. जंत ते रक्त पितो, तेव्हा तीच प्रतिद्रव्ये त्याच्या आतड्यास इजा करतात व त्याची अंडी घालण्याची शक्ती घटते. संरक्षण सुमारे सहा आठवडे टिकत असल्याने लस पुनःपुन्हा टोचावी लागते.

मात्र नुसती प्रथिने टोचून शरीर पुरेसे जागे होत नाही. त्यासाठी लशीत ‘सहायक द्रव्य’ मिसळावे लागते. हे द्रव्य स्वतः रोग बरा करीत नाही. टोचलेल्या जागी शरीराच्या संरक्षक पेशींना बोलावून लशीची ओळख पक्की करून देणे, एवढेच त्याचे कार्य. फ्रान्समधील पशुवैद्य गास्ताँ रामाँ यांनी १९२५ च्या सुमारास घोड्यांवरील प्रयोगांत हे तत्त्व दाखवून दिले. वरील लशीतील सहायक द्रव्य मात्र वनस्पतिजन्य आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात ‘क्विलाया’ नावाचा वृक्ष होतो. त्याच्या सालीत आपल्याकडील रिठा व शिकेकाई यांच्याप्रमाणे फेस आणणारे सॅपोनिन असते. डेन्मार्कमधील डाल्सगार्ड यांनी १९७४ साली ते शुद्ध करून लशीस योग्य असा अर्क मिळविला.

याच वृक्षाच्या सॅपोनिनचा उपयोग माणसांच्या हिवतापावरील लशीतही झाला आहे. हिवतापही परजीवीमुळेच होतो. ऑक्सफर्ड विद्यापीठ व पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांच्या ‘आर-२१’ या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. २०२४ पासून ती आफ्रिकेतील बालकांना दिली जात आहे.

यावरून रिठ्याचे पाणी जनावरास टोचावे, असा अर्थ कोणीही काढू नये. अशुद्ध सॅपोनिन रक्तात गेल्यास तांबड्या पेशी फुटतात व जनावर दगावू शकते. ज्या लशीस सहायक द्रव्य लागते, तिच्यात ते कारखान्यातच मोजून मिसळलेले असते. पीपीआरसारख्या जिवंत लशीत बाहेरचे काही मिसळल्यास ती लसच निकामी होण्याचा संभव असतो.

तोवर मेंढपाळांनी पुढील काळजी घ्यावी :

१. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मेंढीच्या खालच्या पापणीची आतील बाजू पाहावी. ती लाल असल्यास चिंता नाही. फिकी वा पांढरी असल्यास त्वरित उपचार करावा.

२. लेंड्यांचा ताजा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावा.

३. औषधाची मात्रा वजनाप्रमाणे पूर्ण द्यावी. अर्धवट मात्रेने जंत अधिक चिवट बनतात.

४. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध बदलावे.

५. कोकरांना दलदलीच्या कुरणात चारू नये.

ग्रामसेवकांनी ही माहिती वाड्यावस्त्यांवर पोहोचवावी. पापणी पाहण्यास पैसा लागत नाही. परंतु वेळीच पाहिल्यास पावसाळ्यात दगावणारी अनेक कोकरे वाचू शकतील.