पोकळ बुंधा, जिवंत झाड

स्कॉटलंडमधलं ग्लेन फिंग्लस असो की इंग्लंडमधलं बॉरोडेल, तिथल्या डोंगरउतारांवर ठेंगणी, वेडीवाकडी, म्हातारी झाडं दिसतात आणि त्यांच्याखाली गुरं-मेंढ्या चरतात. झाड आणि कुरण एकाच जमिनीवर नांदवण्याची ही शेकडो वर्षांची वहिवाट आहे.

गैरसमज : बुंधा पोकळ म्हणजे झाड मेलं.
वस्तुस्थिती : खोडाचा गाभा तसाही मृत लाकूडच असतो. पाणी आणि अन्न वाहतं ते बाहेरच्या थरांतून. बुरशी गाभा कुजवते, आणि ढोलीत घुबडं, वटवाघळं, भुंगेरे संसार थाटतात.

गैरसमज : घेर मोठा तेवढं वय जास्त.
वस्तुस्थिती : पातळ माती आणि बोचरा वारा यांमुळे डोंगरावरची वाढ मंद असते. शिवाय म्हातारपण जातीवर ठरतं. बर्च सुमारे 150 वर्षांत प्राचीन ठरतो, ओक 400, तर यू 800 वर्षांनी.

गैरसमज : छाटणीने आयुष्य घटतं.
वस्तुस्थिती : गुरांचं तोंड पोचणार नाही अशा, दोन-तीन मीटर उंचीवर ही झाडं छाटली जात. बॉरोडेलमध्ये अ‍ॅशचा पाला हिवाळ्यात मेंढ्यांना घालत. आपल्या कोकणात राबासाठी, म्हणजे भातरोपांची जमीन भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडतात, त्याच्याच जवळची ही रीत. माथा हलका राहिल्याने झाड वादळात टिकतं. छाटणी अनेक दशकं थांबली, तर वाढलेल्या फांद्यांच्या भाराने खोड फाटतं. अशा वेळी सगळ्या फांद्या एकदम उतरवल्या तर झाड दगावू शकतं. म्हणून ते काम काही वर्षांत, टप्प्याटप्प्याने करतात.

गैरसमज : चराई बंद केली की झाडं वाचतात.
वस्तुस्थिती : गुरं फार झाली तर रोपं उरत नाहीत, हे खरं. पण ती अजिबात नसली तर नवी झाडी दाटते, जुन्या झाडांचा उजेड अडवते आणि त्यांच्यावरची प्रकाशप्रिय दगडफुलं संपतात. बेताची चराईच हवी.

गैरसमज : नुसतं बघायला गेल्याने काय बिघडतं?
वस्तुस्थिती : पावलांनी माती दबते, मुळांना हवा-पाणी मिळेनासं होतं. बुंध्याच्या व्यासाच्या 15 पट अंतरापर्यंतची जमीन मुळांची मानावी, असा संकेत आहे. मीटरभर जाडीच्या झाडाभोवती 15 मीटर. म्हणून वाटेवरूनच पाहावं, ढोलीत शिरू नये, पडलेलं लाकूड हलवू नये.

वर्डस्वर्थने 1815 साली छापलेल्या कवितेत बॉरोडेलचे चार यू आहेत. 1883 च्या वादळात एक पडला, तीन उभे आहेत. वादळ आपल्या हातात नाही. कोयता, गुरं आणि आपली पावलं मात्र आहेत.