भरलेली माहिती परत येते तेव्हा

डिजिटल आरोग्य माहिती प्रणाली म्हणजे रुग्णाची नोंद, तपासण्यांचे निकाल, औषधे, लसी, बाळंतपणे, खाटांची स्थिती आणि या सगळ्यावरून वर जाणारे अहवाल कागदाऐवजी संगणकात ठेवणारी यंत्रणा. ती विकत घेते सरकार किंवा इस्पितळ. वापरतात मात्र परिचारिका, डॉक्टर, औषधनिर्माते, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि गावोगावच्या आशाताई. घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, त्यामुळे उद्घाटन झाले, लॉगिन वाटले गेले, माहिती भरली जाऊ लागली, एवढ्यावरून प्रणाली कामाची ठरत नाही. भरणाऱ्याला ती हवीशी वाटते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो थेट रुग्णाशी जोडलेला आहे. नकोशा यंत्रणेत माणूस कमीत कमी भरतो, उशिरा भरतो आणि खरी नोंद हाताशी असलेल्या वहीत ठेवतो.

हे समाधान मोजण्याच्या काही रूढ पद्धती आहेत. विल्यम डीलोन आणि एफ्राइम मॅकलीन यांनी १९९२ मध्ये मांडलेला आणि २००३ मध्ये सुधारलेला आराखडा आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. प्रणाली किती चांगली चालते, तिच्यातली माहिती किती विश्वासाची आहे आणि अडल्यावर मदत किती लवकर मिळते, या तीन गोष्टींवरून वापर आणि समाधान ठरते, असे तो आराखडा मानतो. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये त्याहून साधे दोनच प्रश्न पुढे ठेवले होते : हे उपयोगी आहे का, आणि वापरायला सोपे आहे का? जॉन ब्रूक यांची १९८६ ची दहा विधानांची प्रश्नावली उत्तरांवरून शून्य ते शंभर असे गुण देते. ६८ च्या आसपासचे गुण सर्वसाधारण समजले जातात. या मोजपट्ट्या उपयोगाच्या आहेत, पण त्या एका गोष्टीला पुरेसे वजन देत नाहीत. ज्याने माहिती भरली त्याच्या हाती परत काय आले, ही ती गोष्ट. आयर्लंडमधल्या शॅनन या छोट्या गावापासून सुरुवात केली, तर ती नीट दिसते.

शॅनन पश्चिम आयर्लंडच्या क्लेअर काउंटीत आहे. १९५९ मध्ये इथल्या विमानतळाला लागून करसवलतीचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि तिथे कामाला येणाऱ्यांसाठी साठच्या दशकात हे गाव नव्याने वसवले गेले. वस्ती दहा हजारांच्या आसपास. दवाखाने आहेत, मोठे इस्पितळ नाही. उत्तरेकडे एनिसला लहान इस्पितळ आहे, पण तिथला चोवीस तासांचा आपत्कालीन विभाग २००९ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी उत्तर टिपरेरीतल्या नीना इथल्या इस्पितळाचाही झाला. तेव्हापासून तातडीच्या गंभीर रुग्णाला पंचवीसेक किलोमीटरवरच्या लिमरिकला, डुराडॉयल भागातल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये न्यावे लागते. क्लेअर, लिमरिक आणि उत्तर टिपरेरी मिळून चार लाखांहून अधिक लोकांचा भार या एका इस्पितळावर आहे. खाट न मिळालेले रुग्ण ट्रॉलीवर पडून राहण्याच्या बाबतीत ते देशात वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर राहिले आहे. रात्री-अपरात्री आणि सुट्टीच्या दिवशी शॅननडॉक ही जीपींची, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत फॅमिली डॉक्टरांची, सहकारी सेवा या भागात रुग्ण पाहते. म्हणजे एकाच माणसाला दिवसा एक डॉक्टर पाहतो, रात्री दुसरा, आणि प्रकृती बिघडली तर तिसऱ्याच गावातला तिसरा. अशा ठिकाणी रुग्णाच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबर त्याची माहिती पोचायला हवी.

ती कुठे पोचते आणि कुठे अडते, हे आयर्लंडमध्ये ठळक दिसते. तिथले जीपी बऱ्याच आधी संगणकावर आले. डब्लिनच्या मेटर इस्पितळात १९९५ मध्ये हेल्थलिंक नावाची सेवा सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. इस्पितळातून जीपीच्या संगणकाला थेट संदेश जावा, एवढीच तिची मूळ कल्पना होती. जीपीच्या दवाखान्यात सकाळी परिचारिका रक्त काढते, नळीवर नाव आणि जन्मतारीख लावते आणि नळ्यांचा डबा गाडीतून प्रयोगशाळेकडे जातो. निकाल तयार झाला की तो डॉक्टरच्या पडद्यावर त्याच रुग्णाच्या नोंदीत येऊन बसतो, मागच्या वेळच्या आकड्यांच्या शेजारी. कुणाला फोन करावा लागत नाही, चिठ्ठी शोधावी लागत नाही. या सेवेचे कौतुक करायला डॉक्टरांना प्रश्नावली लागली नाही. कोविडच्या २०२० सालात औषधाची चिठ्ठीही हेल्थमेल या सुरक्षित ईमेलने थेट औषधदुकानात जाऊ लागली आणि ती सोय तशीच राहिली.

इस्पितळांचे चित्र उलटे आहे. क्ष-किरण आणि स्कॅनसाठी निमिस ही देशव्यापी प्रणाली आली, प्रयोगशाळा संगणकावर गेल्या, पण वॉर्डातली रुग्णाची मुख्य फाइल बहुतेक ठिकाणी कागदीच राहिली. परिचारिकेला एक निकाल एका पडद्यावर, दुसरा दुसऱ्या पडद्यावर पाहून शेवटी पेनाने फाइलमध्ये लिहावे लागते. एका माणसाच्या सगळ्या नोंदी एकाच क्रमांकाखाली याव्यात म्हणून २०१४ मध्ये कायदा झाला, तरी तो क्रमांक रोजच्या कामात मुरायला वर्षे लागली. मोठ्या प्रकल्पांवर अविश्वास बसायला तिथे कारणही घडले होते. आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार आणि हजेरी यांसाठी घेतलेल्या पीपार्स प्रणालीचा १९९८ मधला अंदाज सुमारे ९० लाख युरोंचा होता. २००५ मध्ये काम थांबवले तेव्हा खर्च १३ कोटी युरोंच्या पुढे गेलेला होता. ज्यांचे पगार त्या प्रणालीतून निघणार होते, त्यांच्या कामाच्या पाळ्या आणि भत्त्यांच्या पद्धती भागाभागात वेगळ्या होत्या. हे वैविध्य आधी समजून घेण्याऐवजी ते प्रणालीत कोंबण्याचा प्रयत्न झाला.

मग १४ मे २०२१ चा शुक्रवार उजाडला. देशाची आरोग्य सेवा चालवणाऱ्या हेल्थ सर्व्हिस एक्झिक्युटिव्हवर कॉन्टी नावाच्या टोळीने खंडणीसाठी सायबर हल्ला केला आणि पहाटेच देशभरातली यंत्रणा बंद करावी लागली. मूळ होते १८ मार्चला एका संगणकावर उघडलेल्या एक्सेल फाइलमध्ये. ती एका फसव्या ईमेलला जोडून आली होती. आठ आठवडे टोळी आत वावरत होती. ३१ मार्चला विषाणूरोधक प्रणालीने त्याच संगणकावर धोक्याची खूण दाखवली होती, पण ती प्रणाली फक्त पाहण्यापुरती लावलेली असल्याने काही अडवले गेले नाही. पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीने केलेली स्वतंत्र चौकशी डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. चार हजारांहून अधिक ठिकाणे, ५४ इस्पितळे आणि ७० हजारांवर संगणक व इतर उपकरणे, एवढा या आरोग्य सेवेचा पसारा. सायबर सुरक्षेची जबाबदारी मात्र कुणा एका वरिष्ठावर नव्हती. ३० हजारांवर संगणकांत अजूनही विंडोज ७ होते, ज्याला निर्मात्याचा नियमित आधार २०२० च्या जानेवारीत संपला होता.

वॉर्डांत त्या दिवशी पुन्हा पेन आणि कागद आले. रक्ताचा निकाल हाताने लिहून माणसाकरवी पाठवला जाऊ लागला. जुने स्कॅन दिसत नव्हते, म्हणून नव्या स्कॅनची तुलना करता येईना. कर्करोगाचे किरणोपचार कित्येक ठिकाणी थांबले, कारण किरणांचा आराखडा संगणकातच असतो. जीपींच्या दवाखान्यांतले स्वतःचे संगणक बरेचसे वाचले, पण इस्पितळाकडून येणारे निकाल बंद पडले. सरकारने खंडणी दिली नाही. २० मे रोजी टोळीने स्वतःहून कुलूप उघडण्याची किल्ली दिली, तरी सर्व्हर पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला. हातात कागद असलेल्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी ते चार महिने निभावून नेले. प्रणालीतून आपल्याला रोज काय परत मिळत होते, हे त्यांना ती गेल्यावर नेमके कळले. कुरकुर होती ती पासवर्डांची आणि संथ पडद्यांची. उणीव भासली ती मागच्या निकालाची.

अटलांटिकपलीकडे उलटे टोक दिसते. तिथे माहिती भरपूर आहे आणि भरणारे दमले आहेत. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना सरकारी पैसा मिळाला आणि त्या सर्वत्र आल्या. २०१६ च्या एका अभ्यासात डॉक्टरांचा दवाखान्यातला सत्तावीस टक्के वेळ रुग्णासमोर आणि जवळजवळ अर्धा वेळ संगणक व कागदपत्रांत जात असल्याचे दिसले. ब्रूक यांच्या प्रश्नावलीवर अमेरिकी डॉक्टरांनी आपल्या प्रणालीला सरासरी ४५.९ गुण दिले. एक्सेललाही त्याहून जास्त मिळतात. त्याच अभ्यासात गुण जितके कमी तितकी डॉक्टर थकून जाण्याची शक्यता जास्त आढळली. ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातील उटी गावचे, त्या शल्यविशारद अतुल गवांदे यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये या नाराजीवर दीर्घ लेख लिहिला. बोस्टनच्या त्यांच्या इस्पितळसमूहात १.६ अब्ज डॉलर खर्चून नवी प्रणाली आली होती, आणि त्यात सॉफ्टवेअरच्या किमतीचा वाटा अगदी थोडा होता. पैसा गेला तो प्रणाली रुजवताना लागलेल्या मदतीच्या माणसांवर आणि काम मंदावल्याच्या तोट्यात. भारतात खरेदीचे निर्णय घेणाऱ्यांनी हा हिशेब समोर ठेवण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे प्रशिक्षणाला बऱ्याचदा एक दुपार मिळते.

महाराष्ट्रातला अनुभव तर अंगणवाडीच्या ओट्यावरचाच आहे. २०१९ मध्ये सेविकांना माहिती भरण्यासाठी सरकारी मोबाइल मिळाले. त्यात दोन जीबी मेमरी. अ‍ॅप उघडले की फोन तापायचा, हँग व्हायचा, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या अंगावर. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे केंद्राचे नवे अ‍ॅप आले, तेही इंग्रजीत. बाळाचे वजन काट्यावर घेऊन मराठीत वहीत लिहिणाऱ्या बाईला तोच आकडा इंग्रजी रकान्यात शोधून भरायचा होता. त्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, आणि भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. यात सेविकांना तंत्रज्ञान नको होते, असा अर्थ काढणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी फोन परत केला. वजनकाटा आणि वही चालूच ठेवली. एकाच बाळाची नोंद वहीत, अ‍ॅपमध्ये आणि मासिक अहवालात, अशी तीनदा करावी लागणे आणि त्यातून वर काय गेले ते खाली कधी न दिसणे, ही त्यांची तक्रार होती. उपकेंद्रातल्या एएनएम परिचारिकेचीही तीच. गरोदर माता आणि बालकांच्या पाठपुराव्याचे पोर्टल, दरमहाचा एचएमआयएस अहवाल, लसीकरणाची वेगळी नोंद. ‘रेंज नाही’, ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द तिच्या रोजच्या बोलण्यातले झाले आहेत.

त्याच व्यवस्थेत क्षयरोगासाठीचे नि-क्षय मात्र थोडे वेगळे ठरले. २०१२ मध्ये ते केवळ रुग्णांची मोजदाद म्हणून आले. २०१८ च्या एप्रिलपासून नोंद झालेल्या रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम हजार झाली. बँकखात्याचा क्रमांक चुकला तर पैसे अडकतात आणि रुग्ण थेट कर्मचाऱ्याला येऊन विचारतो. त्यामुळे भरण्याचे काम वाढले, चुका दुरुस्त करण्याची दगदगही वाढली. पण रकान्यातला आकडा एखाद्या घरातल्या अंडी-डाळीपर्यंत पोचताना डोळ्यांना दिसू लागला.

आयर्लंडमध्येही माहिती परत देणारी इस्पितळी प्रणाली सर्वात आधी बाळंतपणाच्या वॉर्डात आली. माता आणि नवजात बालकांसाठीची इलेक्ट्रॉनिक नोंद डिसेंबर २०१६ मध्ये कॉर्कच्या प्रसूती इस्पितळात सुरू झाली, त्यानंतर केरीत, आणि २०१८ च्या सुरुवातीपर्यंत डब्लिनच्या दोन प्रसूतिगृहांत. देशातली सुमारे चाळीस टक्के बाळंतपणे या चार ठिकाणी होत. आईची औषधे, बाळाचे वजन, नवजात कक्षातले उपचार एकाच नोंदीत, आणि दाईला ते खाटेशेजारी दिसते. शॅननच्या बायका ज्या लिमरिकच्या प्रसूती इस्पितळात जातात, ते या पहिल्या चारांत नव्हते. मे २०२४ मध्ये आयर्लंड सरकारने २०३० पर्यंतचा डिजिटल आरोग्य आराखडा प्रसिद्ध केला. त्यात रुग्णाची नोंद जीपी, इस्पितळ आणि घरी येणारी परिचारिका या सगळ्यांना एकत्र दिसण्याचे उद्दिष्ट आहे, आणि देशभरासाठी इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद उभारण्याचेही. वॉर्डातली कागदी फाइल त्यातून टप्प्याटप्प्याने जायची आहे.